भेंडीला पास होता

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात एक सरकारी फोन आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी येऊन बसला. मी बारामतीच्या एका महिला समुपदेशन केंद्रात काम करायचे. केंद्राला कुलूप लागलं आणि तिथली हेल्पलाइन माझ्यासोबत वालचंदनगरला, आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. घरात कोंडल्या गेलेल्या, मार खाणाऱ्या बायकांनी या नंबरवर फोन करावा, असं परिपत्रक निघालं होतं. नंबरची पोस्टरंही गावोगाव लागली. कुठं? तर रेशन दुकानावर आणि गावच्या सोसायटीच्या दारावर. बाहेर पडायची मुभा घरटी एकाला, आणि तो एक म्हणजे घरातला पुरुष. बायकांसाठीचा नंबर पुरुषमंडळी रांगेत उभी राहून वाचत होती.

फोन वाजेना. मी भाजी फोडणीला टाकतानाही एक कान त्याच्याकडे ठेवायचे. वरिष्ठांची ऑनलाइन बैठक झाली, तेव्हा एक साहेब म्हणाले की तक्रारी आलेल्या नाहीत ही समाधानाची बाब आहे. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, बाई घरात, नवरा घरात आणि घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात. तिनं तक्रार काय चुलीला सांगायची?" मग कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमचा आवाज कट होतोय." तो अजिबात होत नव्हता.

आमचे हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गवार निवडत बसले होते. हे इंजिनियर. टाळेबंदीत कामावर आळीपाळीनं जायचं, म्हणून बरेच दिवस घरीच. स्वभाव असा की रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर हेच त्याला सॉरी म्हणतील. माझं उलट. देवानं आमची जोडी जमवताना तिखट आणि गूळ एकाच डब्यात भरलं, असं माझी आई म्हणायची. मी कॅमेऱ्यासमोर तणतणत असताना ते शेंगा मोडत राहिले. बैठक संपल्यावर फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आणि मग एका दुपारी तो फोन वाजला. एकदाच, आणि बंद पडला.

आमच्या भागात मिस कॉल म्हणजे निरोपच असतो. पोचल्यावर एक, मळ्यात लाइट आली की एक, डबा तयार झाला की एक. पण हा कसला? नियम असा होता की उलट फोन करायचा आणि आधी आपली ओळख सांगायची, मी अमुक हेल्पलाइनवरून बोलतेय म्हणून. मी फोन हातात घेतला आणि तशीच बसून राहिले. पलीकडे फोन उचलणारा कोण असेल? मी ओळख सांगितली, की त्या बाईची चामडी लोळवायला दुसरं कारण शोधायला नको.

"भाजीसाठी फोन केला तर?" हे म्हणाले. हातात गवारीची शेंग तशीच.

त्या दिवसांत हे अगदी रोजचं होतं. बाजार कधी चालू कधी बंद, म्हणून शेतकरी आपला माल फोनवर विकू लागले होते. कुणाचाही नंबर कुणालाही मिळायचा. कोण कुठल्या शेतकऱ्याला टोमॅटो आहेत का म्हणून विचारतंय, यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

"बाई बोलली तर विचारेल, नंबर कुणी दिला," हे म्हणाले. "व्यापारी पुरुषच असतात. मी बोलतो. माझ्या फोनवरून."

मला हसू आलं. पुण्यातल्या पेठेत वाढलेला माणूस, बोलणं साजूक तुपातलं, याला भेंडी कवळी की निबर तेही पानात वाढल्यावर कळतं. पण त्यांनी घसा खाकरला, खुर्चीत पाय फाकून बसले आणि नंबर फिरवला. मी कानाला कान लावून उभी राहिले.

"कोन बोलतंय?" पुरुषाचा आवाज.

"व्यापारी बोलतोय, वालचंदनगरचा. काय माल हाय?"

"भेंडी हाय की. किती पायजे?"

"कवळी हाय का? निबर नको बरं का आपल्याला."

"ते आमच्या हिला इचारा. तोडती ती." आणि लांबून हाक ऐकू आली, "अगं ए, व्यापारी हाय. भेंडीचं बोल."

इतकी सोपी गोष्ट कुठल्याच परिपत्रकात नव्हती. मळा त्याच्या नावावर, फोन त्याच्या खिशात. पण भेंडी किती निघेल हे विचारायचं तर बायकोच्याच हातात फोन द्यावा लागतो, कारण रानात वाकून ती तोडणारी तीच. यांनी फोन माझ्याकडे दिला. तिचा श्वास ऐकू येत होता.

"बाई, मी हेल्पलाइनची ताई," मी हळू म्हटलं. "तुम्ही फोन केला होता ना? मी विचारते, तुम्ही फक्त होय-नाही म्हणा."

"व्हय."

"नवरा मारतो?"

"व्हय."

"रोज?"

"न्हाय. एक दिसाआड." मग जरा मोठ्यानं, पलीकडच्याला ऐकू जाईल असं, "एक दिसाआड तोडा हाय आमचा."

मी विचारत गेले. मूल? व्हय, एक पोरगी. पोलीस पाठवू? न्हाय, न्हाय. त्या न्हायमध्ये जी घाई होती ती मला कळली. पोलीस येणार, दम देणार आणि जाणार, मग दार लागलं की आत ती आणि तो. आईकडे जायचंय? ती म्हणाली, "व्हय." माहेर कुठलं, हे तेवढं तिला उत्तरात सांगावं लागलं. "कोऱ्हाळ्याला बी असाच माल असतोय," ती म्हणाली. कोऱ्हाळे बुद्रुक. तिचं सासर इंदापूर तालुक्यात, आमच्यापासून जवळ, आणि माहेर बारामतीच्या पलीकडे. एरवी एसटीनं दुपारच्या जेवणाला पोचावं एवढं अंतर.

मी फोन यांच्याकडे परत दिला. आता नुसतं ठेवायचं होतं. पण एवढं बोलून तसाच कसा ठेवायचा, वाईट दिसतं, असा यांचा स्वभाव. "बरं मग," हे म्हणाले, "द्या पाठवून दोन कॅरेट."

वर आमच्या कॉलनीचा पत्ताही सांगून टाकला. मी कपाळावर हात मारला.

पुढचा सगळा दिवस मी फोनवर होते. निवारागृहात विचारलं, तर आधी तपासणीचा रिपोर्ट पाहिजे. तपासणीला जायला पास पाहिजे. पास मागायला ऑनलाइन गेले, तर कारणं तयार होती, त्यांतलं एक निवडायचं. आजारपण, मयत, अडकून पडलेले प्रवासी. नवरा मारतो, हे कारण त्यात नव्हतं. कचेरीतला माणूस बिचारा भला होता. म्हणाला, "मॅडम, मयत टाकू का?" मी म्हटलं, "अजून झालेली नाही, तेवढ्यासाठीच तर चाललंय." कोर्टं जवळजवळ बंदच होती. भाजीपाला मात्र अत्यावश्यक, त्याच्या गाड्या सगळीकडे सोडत होते. थोडक्यात, भेंडीला पास होता, बाईला नव्हता. मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ भांडीही पुन्हा घासली.

संध्याकाळी बारामतीच्या संरक्षण अधिकारी मॅडमना फोन लागला. घरातल्या हिंसेविरुद्ध जो कायदा आहे, त्यात बाईच्या बाजूनं उभं राहायला असा एक अधिकारी नेमलेला असतो. पण त्या दिवसांत त्यांनाही घरोघरी ताप मोजण्याच्या पथकावर देखरेखीला जुंपलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिला पास नाही, पण मला आहे," त्या म्हणाल्या. "ती माझ्या गाडीत बसली, तर ते माझं काम. त्याला कुणी हरकत घेऊ दे, मग बघते. फक्त तिला त्या घराच्या बाहेर आणायचं कसं, ते तुम्ही बघा."

ते मला कुठं माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. "साहेबांची भेंडी आलीय."

तो खरंच आला होता. छोट्या टेम्पोत भेंडीची कॅरेटं, काचेवर पास चिकटवलेला, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. मी मनात त्याचा राक्षस करून ठेवला होता. हा तर साधा माणूस निघाला. लांब उभा राहून, हात जोडून म्हणाला, "रामराम ताई. वाईच पाणी मिळंल का?" मी पाणी दिलं. ग्लास लांबूनच खाली ठेवला आणि त्याला वाटलं असेल, मी आजाराला भ्यायले.

दोन कॅरेट भेंडी दोन माणसं कशी खाणार? मी आजूबाजूच्या क्वार्टरमधल्या बायकांना हाक मारली. कित्येक दिवसांनी दारात ताजी भाजी आलेली. सगळ्या तुटून पडल्या, आणि आपल्या बायका भेंडी घेताना जे करतात ते सुरू झालं. एकेक भेंडी उचलायची, शेंडा मोडून बघायचा. कट्‌कन मोडला तर कवळी, पिशवीत. वाकला तर निबर, परत कॅरेटमध्ये. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी सगळा माल चाचपला जात होता. तो बघता बघता लाल झाला. घरी असता तर काय केलं असतं, कोण जाणे. पण इथं साहेबांच्या बायका. त्याला वर तोंड करून बोलता येईना.

"शेंडं मोडू नका ओ," तो कसाबसा म्हणाला. "राहिल्याला माल कोन घेनार?"

"मग निवडून आणायचा ना," शेजारची म्हणाली आणि आणखी एक मोडली.

शेवटी तो माझ्याकडे वळला. "ताई, परवाच्या तोड्याला आमच्या हिलाच आणतो. बायकांचं बायकांनीच बघावं. आपल्याला न्हाय जमत."

मागून हे म्हणाले, "हां, तसंच करा. आपल्याला निवडीचाच माल लागतोय." आवाज अगदी व्यापाऱ्याचा.

त्या संध्याकाळी यांनी पुन्हा फोन लावला. मालाचं बोलायचंय म्हटल्यावर फोन तिच्या हातात गेला. मी म्हटलं, "परवा येशील तेव्हा पोरीला घेऊन ये. आधार कार्ड घे. आईकडे पोचवायची सोय झालीय. यायचंय ना नक्की?" ती म्हणाली, "व्हय." पुन्हा एकदा, न विचारता, "व्हय ताई."

मधला दिवस कसा गेला ते विचारू नका. त्याचं मन फिरलं तर? तिला ताप आला तर? तापाला तेव्हा सगळे भ्यायचे, मी तिच्या तापाला भीत होते. आम्ही दोघं दोन्ही वेळा भेंडीच खात होतो.

ठरल्या दिवशी ती आली. कॉलनीचा नियम होता, बाहेरची गाडी फाटकाशीच थांबणार, तिच्यामागे एकच माणूस आत. त्या नियमाला मी आजवर शंभर नावं ठेवली होती, त्या दिवशी त्याची दृष्ट काढावीशी वाटली. नवरा फाटकाबाहेर टेम्पोत, आणि ती आत. हातगाडीवर कॅरेटं, पदराला धरून चार-पाच वर्षांची पोर. हातांत जुने पायमोजे चढवलेले. भेंडीची लव टोचते, हाताला खाज सुटते, म्हणून तोडणाऱ्या बायका तसे घालतात. घाईत ते काढायचे राहिले असावेत. बायका जमल्या आणि शेंडे मोडायला लागल्या. ती आधी बघत राहिली, मग एकदम म्हणाली, "मोडू नका ओ. सकाळी मी सोता निवडून आनलीय. एक निबर निगाली तर समदी फुकट न्या." सगळ्या थांबल्या. फोनवरचा तो दबका आवाज कुठं गेला, मला कळेना. आपल्या मालाबद्दल बोलताना ती चांगली खणखणीत बोलत होती.

माल खपला. रिकाम्या दिसणाऱ्या शेवटच्या कॅरेटच्या तळाशी उरलेली भेंडी होती आणि तिच्याखाली पोरीचे दोन फ्रॉक. तिनं ते काढून पदराखाली घेतले. मी तिला घरात आणलं.

हे चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आले. त्यांना बघताच ती भिंतीला चिकटली आणि पोरीला मागे ओढलं. क्षणभरच. मग स्वतःच ओशाळली. यांनी ट्रे हळूच खाली, तिच्यापासून लांब ठेवला आणि आत निघून गेले. ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस मला इतका जवळचा क्वचितच वाटला असेल.

"तेच व्यापारी व्हय?" तिनं विचारलं.

"तेच."

ती किंचित हसली. "मला वाटलंच. खरा व्यापारी इतकं गोड बोलतोय व्हय कुठं?"

चहा पिताना ती थोडं बोलली. रानात जाता-येता सोसायटीच्या दारावरचा नंबर तिनं पाठ केला होता आणि तो दुपारी झोपल्यावर त्याच्याच फोनवरून मिस कॉल दिला होता. दारू बंद झाली, तशी मारहाण वाढली. तो बाहेर जाताना कडी बाहेरून लावायचा, आणि आतली कडी त्यानं कधीच उपटून टाकली होती. "म्हंजे कवाबी येता यावं," ती म्हणाली. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. पोर बिस्किट चहात बुडवून खात होती आणि बुडवलेलं तुटलं की आईकडे भीतभीत बघत होती. मी तिला अख्खा पुडा दिला.

मॅडमची जीप मागच्या फाटकानं आली. पण तिला गुपचूप पळवायला मॅडम तयार नव्हत्या. "ती चोरी करून जात नाहीये," त्या म्हणाल्या. एका महिला पोलिसाला घेऊन त्या पुढच्या फाटकाशी गेल्या. मीही गेले. तिला आणि पोरीला जीपमध्ये काचा लावून बसवलं होतं. मॅडमनी त्याला सरळ सांगितलं, तुमची बायको तिच्या आईकडे चालली आहे, स्वतःच्या मर्जीनं, कायद्यानं तिला तो हक्क आहे, अडवलंत तर गुन्हा दाखल होईल.

मला वाटलं, आता हा ओरडेल, अंगावर येईल. तसं झालं नाही. त्याच्या तोंडावरचा टॉवेल खाली घसरला. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मग परवाचा तोडा कोन करनार?"

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्यात. पण इतकं वाईट मला कशाचं वाटलं नव्हतं.

जीप निघाली. पिंपळीच्या अलीकडे नाकाबंदीत अडवली, मॅडमचा पास बघून सोडली. आणि जेवणवेळेच्या सुमाराला टेबलावरचा फोन एकदा वाजून थांबला. मॅडमचा नंबर. पोचले. यांनी भेंडी बाजूला ठेवली, आणि त्या दुपारी आमच्याकडे पिठलं झालं.

पण पोचले म्हणजे वेशीपर्यंत. गावानं वेशीवर बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकून रस्ता बंद केला होता. आत येणाऱ्यानं आधी शाळेत विलगीकरणात राहायचं, मग घरी. लेक असली तरी तेच. ज्या शाळेत ती शिकली, त्याच शाळेच्या एका वर्गात तिची आणि पोरीची सोय झाली. आई रोज भाकरी घेऊन यायची, डबा कट्ट्यावर ठेवून लांब लिंबाखाली बसायची, आणि तिथूनच मोठमोठ्यानं नातीशी गप्पा मारायची. लेकीला कुशीत घ्यायला आलेल्या बाईला लांबूनच बघायला लावतात, म्हणून मी पुन्हा कुणाकुणाशी फोनवर भांडले. कुणी ऐकलं नाही.

मग तो तिला न्यायला कोऱ्हाळ्याला गेला, भेंडीचाच पास लावून. हे मला तिच्या आईनं सांगितलं. वेशीवर काठ्या घेऊन पहाऱ्याला बसलेली माणसं होती. त्यांतल्या एका तात्यांनी त्याला फासाच्या पलीकडेच थांबवलं. तो म्हणाला, माझी बायको हाय आत. तात्या म्हणाले, "असंल. पन तुमी बाहेरगावचं. आत न्हाय येता येत. गावाचा ठराव हाय." त्यानं पुष्कळ आदळआपट केली. तात्यांना त्याच्या घरातलं काही माहीतही नव्हतं, त्यांना फक्त रोगाची काळजी. पण माझा कायदा, माझी हेल्पलाइन, माझी सगळी परिपत्रकं, या साऱ्यांना जे जमलं नसतं, ते त्या बाभळीच्या काट्यांनी केलं. तो परत गेला.

तिची मुदत संपत आली, तेव्हा मी आईच्या फोनवर तिला फोन केला. आई फोन पिशवीत घालून कट्ट्यावर ठेवायची आणि लांब सरायची. त्या दिवसांत विलगीकरणातल्या कितीतरी माणसांशी माझं बोलणं व्हायचं आणि प्रत्येकाचा एकच धोशा, कधी सोडणार, जीव नकोसा झालाय. म्हणून मी आनंदानं सांगितलं, "आता सुटलीस गं. उद्या आईच्या घरी जायचं. पुढचा अर्ज, कोर्ट, ते सगळं मॅडम बघतील. घाबरू नकोस."

मागे पोर फळ्यावर खडूनं काहीतरी खरडत होती, तो आवाज येत होता.

"ताई," ती म्हणाली, "अजून थोडं दिस वाडवून मिळत्याल का?"

"अगं, का?" मी म्हटलं. "शाळेत काय ठेवलंय?"

"तसं काय न्हाय," ती म्हणाली. "हितं दाराला आतून कडी हाय."